छातीत दुखतंय, ईसीजी नॉर्मल आहे, मग पुढे?

छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत आलेल्या माणसांचे पहिल्या तासाभरात तीन गट पडतात. पहिल्या गटाचं निदान ईसीजीच्या कागदावरच असतं. एसटी रेषा वर उचललेली, माणूस घामाने भिजलेला. त्याला थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळी घालून बंद रक्तवाहिनी उघडतात त्या खोलीत, न्यायचं. दोन तासांत कॅथलॅब गाठणं शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे तिथेच द्यायचं आणि मग हलवायचं. दुसऱ्या गटातला माणूस तिशीच्या आतला, बरगडीवर बोटाने दाबलं की नेमकं तिथेच दुखतं, ईसीजी स्वच्छ, ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची रक्तचाचणी) मोजण्याच्याही खाली. त्याला समजावून घरी पाठवायचं. या दोन गटांबद्दल डॉक्टरांमध्ये फारसा वाद नाही.

अवघड आहे तो मधला गट. वय ४५ ते ६५, थोडी शुगर, थोडं बीपी, वर्षानुवर्षांची तंबाखू. छातीत जडपणा आला होता, आता कमी आहे. ईसीजीत टी लहरी जराशा चपट्या, पण ‘अटॅक’ म्हणावं असं काही नाही. ट्रोपोनिन दोनदा केलं, दोन्ही वेळा नॉर्मल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही परिस्थिती. आपल्याकडे यावर दोन रूढ मार्ग आहेत. एक, ‘पित्त आहे’ म्हणून गोळी देऊन घरी पाठवणं. दोन, ‘रिस्क नको’ म्हणून आयसीयूत ठेवून दुसऱ्या दिवशी मनगटातून नळी घालून ॲन्जिओग्राफी करणं. पहिल्यात काही माणसं आठवडाभरात खरा अटॅक घेऊन परत येतात. दुसऱ्यात कितीतरी माणसांच्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघतात, आणि घरच्यांच्या हातात राहतं ते बिल.

या मधल्या गटासाठी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी, म्हणजे सीटी कोरोनरी ॲन्जिओग्राफी, इमर्जन्सी विभागातूनच मिळाली पाहिजे, आणि तीही ॲडमिशनची अट न घालता, असं माझं स्पष्ट मत आहे. तितक्याच स्पष्टपणे हेही म्हणणं आहे की बाकीच्या दोन गटांना ती देऊ नये. या तपासणीचं सगळं मोल ती कोणाला आणि कोणत्या क्रमाने मिळते यावर ठरतं. क्रम चुकला की चांगलं यंत्रही नुकसान करतं.

सीटीच्या आधीचं काम

छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी दारात पाऊल टाकल्यापासून १० मिनिटांत निघाला पाहिजे आणि तो जाणत्या डॉक्टरने पाहिला पाहिजे. केसपेपर, आधार कार्ड, डिपॉझिट हे सगळं नंतर. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल, तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढायचा. एका ईसीजीवरून निकाल लावणं ही शितावरून भाताची परीक्षा झाली; इथे भात अजून चुलीवर असतो. हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक नेहमीच्या बारा लीडमध्ये, म्हणजे ईसीजीच्या बारा नोंदींत, लपून राहू शकतो. शंका असेल तर व्ही-७ ते व्ही-९ हे लीड पाठीवर लावून पाहायला दोन मिनिटं लागतात. बऱ्याच ठिकाणी व्ही-१ आणि व्ही-२ चे इलेक्ट्रोड एक बरगडी वर चिकटवले जातात. मग नसलेले बदल दिसतात किंवा असलेले झाकले जातात. साधी चूक आहे, पण पुढची सगळी साखळी तिच्यावर उभी असते.

दुसरी गोष्ट ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. उच्च-संवेदनशील ट्रोपोनिनची चाचणी असेल तर पहिलं मोजमाप आल्या आल्या आणि दुसरं एक ते तीन तासांनी पुरतं. पाहायचं ते दोन आकड्यांमधला फरक. जुन्या पद्धतीच्या चाचणीत हेच अंतर तीन ते सहा तास ठेवावं लागतं. तालुक्याच्या गावी अजून पुष्कळ ठिकाणी कार्डावर रेघ उमटणारी चाचणी चालते. तिच्यात आकडा मिळत नाही, रेघ आली किंवा नाही आली एवढंच कळतं. दुखणं सुरू होऊन तासभरच झाला असताना कार्ड कोरं राहिलं, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तरी ‘ट्रोप निगेटिव्ह’ असं लिहून माणूस घरी जातो.

मग येतो हार्ट स्कोर. तो २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये मांडला गेला आणि कागद-पेन्सिलीने करता येतो. दुखण्याचा इतिहास, ईसीजी, वय, धोक्याचे घटक आणि ट्रोपोनिन या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. ० ते ३ म्हणजे कमी धोका, ४ ते ६ मध्यम, ७ ते १० जास्त. ४८ वर्षांचा मधुमेही माणूस धरू, रोज तंबाखूचा बार भरणारा. दुखण्याचा इतिहास मध्यम संशयाचा, १. ईसीजीत किरकोळ बदल, १. वय ४५ ते ६४ मध्ये, १. मधुमेह आणि तंबाखू हे दोन घटक, १. ट्रोपोनिन नॉर्मल, ०. बेरीज ४. हा आपला मधला गट. मूळ स्कोरमध्ये विडी-सिगारेट मोजली जाते, चघळण्याची तंबाखू स्वतंत्रपणे येत नाही. आपल्याकडे ती मोजलीच पाहिजे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसत्या चघळण्याच्या तंबाखूनेही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून जास्त वाढल्याचं दिसलं. मिश्री लावणाऱ्या बाईंना ‘धूम्रपान : नाही’ अशी खूण करून शून्य गुण देणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

इतकं झाल्यावरच सीटीचा विचार. त्याआधी आणखी एक अडसर आहे. दुखणं पाठीत फाडत गेल्यासारखं असेल, दोन्ही हातांच्या बीपीत मोठा फरक असेल, तर महाधमनी फाटल्याची शंका धरायची. तिचा सीटी वेगळ्या पद्धतीने करतात. हृदयाच्या सीटीचा फॉर्म भरून तो प्रश्न सुटत नाही.

यंत्राच्या टेबलावर

सीटी म्हणजे माणूस आत सरकवला, फोटो काढला, झालं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पोटाच्या किंवा डोक्याच्या सीटीबाबत ती बरीचशी खरीही आहे. हृदय मात्र हलतं. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या, धडधडत्या स्नायूवर नाचणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतली भिंत पाहायची आहे. म्हणून या तपासणीचं निम्मं यश स्कॅनच्या आधीच्या तासात ठरतं.

पहिलं काम, नाडी खाली आणणं. हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर स्थिर असतं आणि चित्र त्या क्षणात घ्यायचं असतं. नाडी ६० असेल तर ही विश्रांती पुरेशी लांब असते. ८५ असेल तर ती जवळजवळ नाहीशी होते. साध्या ६४ स्लाइस, म्हणजे एका फेरीत ६४ काप टिपणाऱ्या, यंत्राला एक चित्र टिपायला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो. दोन एक्स-रे नळ्यांच्या यंत्राला त्याच्या निम्म्याहून कमी वेळ पुरतो, म्हणून ते जास्त नाडी सहन करतं. ६४ स्लाइस यंत्राचा पट्टा साधारण चार सेंटिमीटरचा, त्यामुळे पूर्ण हृदय टिपायला त्याला चार-पाच ठोके लागतात. मध्येच एक ठोका चुकला की चित्राच्या दोन पट्ट्या जुळत नाहीत आणि रक्तवाहिनी पायरीसारखी तुटलेली दिसते. अननुभवी नजरेला तो ब्लॉक वाटू शकतो.

नाडी उतरवण्यासाठी सहसा तासभर आधी मेटोप्रोलोल ५० ते १०० मिलिग्रॅम तोंडाने देतात. वेळ नसेल तर शिरेतून ५ मिलिग्रॅमच्या टप्प्यांनी, प्रत्येक टप्प्याला बीपी आणि मॉनिटर पाहत. दमेकऱ्याला, हार्ट ब्लॉक (रक्तवाहिनीतला नव्हे, ठोक्याच्या विद्युत संदेशातला अडथळा) असलेल्याला किंवा फुप्फुसात पाणी साचलेल्याला हे औषध द्यायचं नसतं. त्यांच्यातल्या काहींना आयव्हाब्राडीन हे नाडी उतरवणारं दुसरं औषध चालतं. हा प्रश्न दरवेळी तोंडी विचारायला हवा, कारण कॅज्युअल्टीत आलेला माणूस ‘दमा आहे’ असं आपणहून सांगेलच असं नाही.

दुसरं, जिभेखाली नायट्रोग्लिसरीन. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि नीट दिसतात. त्याआधी एक अडचणीचा प्रश्न विचारावाच लागतो. लैंगिक ताकदीच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतलं आहे का? घेतलं असेल तर नायट्रोने बीपी धोकादायक खाली जातं. शेजारी बायको, मुलगा, मेव्हणा उभे असताना याचं खरं उत्तर मिळत नाही. नातेवाइकांना पडद्याबाहेर पाठवून, हळू आवाजात विचारायचं. एवढ्याशा शिष्टाचाराने मोठा अनर्थ टळतो.

तिसरं, सुई. उजव्या कोपराच्या खाचेत १८ किंवा २० नंबरचा कॅन्युला. मनगटावरची बारीक सुई चालत नाही, कारण डाय, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून सोडायचा द्रव, सेकंदाला पाच-सहा मिलिलिटर या वेगाने जातो. एकूण ६० ते ८० मिलिलिटर, मागोमाग सलाइन. सुई नीट बसली नसेल तर डाय शिरेबाहेर जाऊन हात सुजतो आणि तपासणी वाया जाते. डाय जाताना सर्वांगातून गरम लाट गेल्यासारखं वाटतं. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो आणि नेमक्या त्या वेळी नाडी वाढते. श्वास दहा सेकंद रोखायचा असतो, तेही भसकन छाती भरून नाही. मध्यम श्वास घेऊन थांबायचं. टेक्निशियनने दोन-तीनदा सराव करून घेतला तर त्या सरावातच कळतं की श्वास रोखल्यावर नाडी किती उतरते. मराठी न समजणारा मजूर असेल तर त्याच्या भाषेत सांगणारं कोणीतरी शोधावं. ‘सांस रोको’ कधी म्हटलं आणि ‘छोडो’ कधी, यावर चित्राचा निकाल ठरतो.

मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ३० च्या खाली असेल तर डाय द्यायचा की नाही याचा पुन्हा विचार करावा. अशा माणसाला डाय द्यावाच लागला, तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी ४८ तास थांबवून क्रिएटिनिन पाहूनच पुन्हा सुरू करायचं. आधीच्या डायची ॲलर्जी, अनियमित नाडी, फार जास्त वजन, गर्भारपण, तीन मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेंट, या सगळ्या ठिकाणी दुसरी तपासणी बरी. रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचे मोठे खडे असतील तर ते चित्रात फुगून दिसतात आणि आतली पोकळी होती त्याहून अरुंद भासते. सत्तरीतल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ‘७० टक्के’ लिहिलेलं असतं ते कधीकधी या फुगवट्यामुळे.

पुरावा काय सांगतो

२०१२ मध्ये अमेरिकेतले दोन मोठे अभ्यास एकाच नियतकालिकात आले. रोमिकॅट-२ मध्ये नऊ रुग्णालयांतले १,००० रुग्ण होते. सीटी केलेल्यांचा रुग्णालयातला सरासरी मुक्काम ३०.८ तासांवरून २३.२ तासांवर आला. इमर्जन्सीतूनच थेट घरी जाणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ४७ टक्के झालं. दुसऱ्या अभ्यासात १,३७० रुग्ण होते. त्यातल्या सीटी स्वच्छ आलेल्या ६४० जणांपैकी एकालाही पुढच्या ३० दिवसांत हृदयविकाराचा झटका किंवा त्यामुळे मृत्यू आला नाही. ‘स्वच्छ सीटी’ या शब्दांवर डॉक्टरांचा विश्वास बसला तो इथून. २०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी मध्यम धोक्याच्या आणि आधी हृदयविकार माहीत नसलेल्या रुग्णांसाठी या तपासणीला सर्वोच्च दर्जाची शिफारस दिली.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे आणि ती झाकून ठेवणं अप्रामाणिक ठरेल. रोमिकॅट-२ मध्ये सीटी गटाला सरासरी १३.९ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळाला, नेहमीच्या गटाला ४.७. पुढच्या तपासण्या वाढल्या आणि एकूण खर्च जवळपास तेवढाच राहिला. त्याच वेळी कार्डिओलॉजिस्ट रिटा रेडबर्ग यांनी संपादकीयात मूलभूत प्रश्न विचारला होता. इतक्या कमी धोक्याच्या माणसांना कोणती तपासणी करायची हे नंतर पाहू. मुळात कोणतीही करायची गरज आहे का? उच्च-संवेदनशील ट्रोपोनिन आल्यानंतर हा प्रश्न आणखी धारदार झाला. नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांच्या बीकन अभ्यासात ती चाचणी हाताशी असताना सीटीने मुक्काम कमी झाला नाही. आणि २०२१ मध्ये ब्रिटनच्या ३७ रुग्णालयांतल्या १,७४८ रुग्णांवरचा रॅपिड-सीटीसीए अभ्यास आला. त्यात सरसकट लवकर सीटी केल्याने वर्षभरातले मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत आणि मुक्काम किंचित वाढला.

या शेवटच्या अभ्यासाकडे बोट दाखवून ‘सीटीचा उपयोग नाही’ असं म्हणणारे आहेत. पण त्यात कोण होतं ते पाहायला हवं. निम्म्याहून अधिक जणांचं ट्रोपोनिन आधीच वाढलेलं होतं, सुमारे एक तृतीयांश जणांना हृदयविकार पूर्वीपासून माहीत होता. म्हणजे त्यातले बरेचसे जण आपल्या मधल्या गटापेक्षा पहिल्या गटाच्या जवळचे होते, ज्याचा रस्ता कॅथलॅबकडेच जातो. बीकन आणि रेडबर्ग यांचा आक्षेप मुख्यतः दुसऱ्या गटाला लागू होतो. सगळे पुरावे एकत्र ठेवले की उरतो तो मधलाच गट: दोन ट्रोपोनिन नॉर्मल किंवा काठावर, ईसीजी नक्की सांगत नाही, आणि घरी पाठवायला मन धजत नाही. आकडे एकमेकांशी भांडतात असं वाटतं, पण ते वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत आहेत.

किरणोत्साराची भीतीही आता पूर्वीइतकी उरलेली नाही. ठोक्याच्या ठरावीक क्षणीच किरण सोडणाऱ्या पद्धतीने आजची चांगली यंत्रं हे काम सहसा एक ते पाच मिलिसिव्हर्टमध्ये करतात. निसर्गातूनच माणसाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. पस्तिशीतल्या बाईंना विनाकारण ही तपासणी सुचवू नये, हे मात्र कायम आहे.

आपल्याकडच्या तीन चुका

पहिली चूक कॅल्शियम स्कोरची. डायशिवाय होणारा हा स्वस्त सीटी ‘हार्ट चेकअप’ पॅकेजात मिळतो आणि ‘स्कोर शून्य, हृदय उत्तम’ असा कागद घरी येतो. लक्षणं नसलेल्या माणसाचा पुढच्या काही वर्षांचा धोका ठरवायला त्याचा उपयोग आहे. छातीत दुखत असताना तो पुरत नाही, कारण कॅल्शियम साठायला वर्षं लागतात आणि मऊ चरबीचा थर त्याआधीच फुटू शकतो. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. इंटरहार्टमध्ये मध्यक वय ५३ होतं, इतर देशांत ५९ च्या आसपास. चाळिशीतल्या माणसाचा शून्य स्कोर दुखण्याच्या वेळी दिलासा म्हणून दाखवू नये.

दुसरी चूक म्हणजे ‘एकदाच सगळं बघून टाकू’ म्हणून कोरोनरी, महाधमनी आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या असा तिहेरी सीटी. त्यात डाय जास्त लागतो, किरणं जास्त आणि हाती लागतं फार थोडं. डॉक्टरने विचार करून एक प्रश्न निवडावा आणि यंत्राला तोच विचारावा.

तिसरी सर्वांत महाग चूक रिपोर्ट आल्यानंतरची. सीटीचा निकाल कॅड-रॅड्स या श्रेणीत लिहितात. ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे २५ टक्क्यांच्या खाली, २ म्हणजे २५ ते ४९, ३ म्हणजे ५० ते ६९, ४ म्हणजे ७० च्या वर किंवा मुख्य डाव्या वाहिनीत ५० च्या वर, ५ म्हणजे पूर्ण बंद. ० ते २ वाल्यांनी घरी जायचं, ४ आणि ५ वाल्यांना कॅथलॅब. श्रेणी ३ वर ताणाची तपासणी (स्ट्रेस टेस्ट) करून तिथे खरंच रक्त कमी पडतंय का ते पाहायचं. व्यवहारात मात्र ‘साठ टक्के ब्लॉक’ हे शब्द कानावर पडताच घरातलं वातावरण बदलतं आणि मंगळवारी ॲन्जिओप्लास्टी ठरते. दुखणं थांबलेलं, ट्रोपोनिन नॉर्मल, अशा स्थिर रुग्णात घाईच्या स्टेंटने आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालेलं नाही. ५,१७९ रुग्णांच्या इस्केमिया अभ्यासात, ज्यात भारतीय रुग्णही मोठ्या संख्येने होते, औषधांवर ठेवलेल्यांच्या तुलनेत सुरुवातीलाच कॅथलॅबमध्ये नेलेल्यांचे मृत्यू आणि झटके कमी झाले नाहीत. सीटी जर स्टेंटच्या रांगेचं प्रवेशद्वार बनणार असेल, तर मी इथे मांडलेला सगळा युक्तिवाद कोसळतो.

पैसे कोण देणार

सार्वजनिक प्रश्न खरा इथे आहे. भारतीय विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांमध्ये ‘केवळ तपासणीसाठी झालेलं ॲडमिशन’ हा चौथा अपवाद आहे. म्हणजे मधल्या गटातला माणूस रात्री आला, सीटी स्वच्छ आला आणि पहाटे घरी गेला, तर उपचार असे काही झालेच नाहीत, आणि बिल बहुधा त्याच्या खिशातून जातं. तोच माणूस आयसीयूत २४ तास राहिला, ‘अनस्टेबल अँजायना’ असं निदान कागदावर आलं, नळीची ॲन्जिओग्राफी झाली, तर कॅशलेस मंजूर होण्याची शक्यता वाढते. नियम असा असेल तर कोणाच्याही मनात काळंबेरं नसताना सगळे जण ॲडमिशनकडे ढकलले जातात. रुग्ण स्वतःच विचारतो, ‘डॉक्टर, ॲडमिट केलं तर क्लेम बसेल ना?’

सरकारी योजनांचंही तसंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची घडण ॲडमिशन आणि पॅकेज यांवर उभी आहे. त्यात ॲन्जिओप्लास्टीचं पॅकेज आहे. माणसाला सुरक्षित घरी पाठवण्याचं पॅकेज नाही. ते असायला हवं: ‘छातीदुखी, मध्यम धोका’, त्यात दोन ट्रोपोनिन, आठ-दहा तासांचं निरीक्षण, एक सीटी आणि रिपोर्ट, ठरलेल्या दरात. गैरवापर होईल ही भीती रास्त आहे. त्यासाठी हार्ट स्कोरच्या पाचही घटकांचे गुण, दोन्ही ट्रोपोनिनचे आकडे वेळेसह आणि ईसीजीची प्रत, हे तीन कागद क्लेमला जोडणं सक्तीचं करावं. सरकारने ठरवलं तर दर बांधता येतात हे २०१७ मध्ये दिसलं आहे. औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरवली गेली आणि देशभर लागू झाली.

यंत्रांबद्दल एक भ्रम दूर व्हावा. जिल्ह्याच्या गावी सीटी आला म्हणजे हृदयाचा सीटी आला असं होत नाही. १६ स्लाइसच्या यंत्राने हे काम करू नये. किमान ६४ स्लाइस, ईसीजीशी जोडणारी व्यवस्था, जोरात डाय सोडणारा दुहेरी पंप, आणि रात्री दोन वाजताही नाडी उतरवू शकणारा डॉक्टर व सराव असलेला टेक्निशियन लागतो. चित्र वाचणारा रेडिओलॉजिस्ट शेजारच्या खोलीत नसला तरी चालेल. चित्रं दुसऱ्या शहरात पाठवून तासाभरात रिपोर्ट मागवता येतो. टेबलाजवळची माणसं मात्र तिथेच हवीत. रोमिकॅट-२ मधली भरती कामाच्या दिवशी, दिवसाच्या वेळी झाली होती. छातीत दुखायला लागणारी माणसं अशी वेळ पाळत नाहीत.

म्हणून सुरुवात वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांपासून व्हावी, जिथे कार्डिओलॉजी आणि रेडिओलॉजी एकाच आवारात आहेत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांना सीटी नको, दहा मिनिटांत ईसीजी आणि आकडा देणारं ट्रोपोनिन द्यावं. पैसे मर्यादित असतील तर आधी तेच. भारतातल्या हृदयविकाराच्या २०,००० हून अधिक रुग्णांच्या क्रिएट नोंदणीत दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं होता. ज्या माणसाचे सहा तास ओवा, सोडा आणि ‘सकाळी बघू’ यात गेले, त्याचं नुकसान कोणताही सीटी भरून काढत नाही.

घरी जाताना

सीटीचा सर्वांत मोठा फायदा बहुतेक वेळा त्या रात्री दिसतही नाही. स्कॉटलंडमध्ये ओपीडीत छातीदुखीसाठी आलेल्या ४,१४६ रुग्णांच्या स्कॉट-हार्ट अभ्यासात सीटी गटातले हृदयविकाराचे मृत्यू आणि झटके पाच वर्षांत ३.९ वरून २.३ टक्क्यांवर आले. ते रुग्ण कॅज्युअल्टीतले नव्हते, हे ध्यानात ठेवू. पण कारण आपल्यालाही लागू आहे. पाच वर्षांअखेर ॲन्जिओग्राफी आणि स्टेंट दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. फरक औषधांचा होता. तीस टक्क्यांचा का होईना, थर डोळ्यांनी दिसला की डॉक्टर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, लिहितात आणि रुग्ण ते घेतात.

आपल्याकडे नेमकं इथे सगळं सांडतं. कॅड-रॅड्स २ आला की सांगतात, ‘काही विशेष नाही, जा घरी.’ फिल्म कपाटावर जाते, स्टॅटिन लिहिलंच जात नाही, तंबाखूची पुडी खिशात तशीच. वर्षाने पुन्हा छातीत दुखलं की नवीन रुग्णालय, नवीन सीटी. खरं तर पूर्ण स्वच्छ, थराचा मागमूस नसलेला सीटी दोन वर्षांपर्यंत ग्राह्य धरावा असं मार्गदर्शक सूचना सांगतात. पण जुना रिपोर्ट कोणाला सापडत नाही.

डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला, मराठीत, मोठ्या अक्षरात चार ओळी लिहायला खर्च येत नाही. सीटी कोणत्या तारखेला झाला आणि श्रेणी काय आली. थर आहे की नाही. स्टॅटिनची कोणती गोळी, रात्री किती वाजता, आणि तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासायला कुठे यायचं. आणि चौथी ओळ: पुन्हा दुखलं, विश्रांतीत पंधरा मिनिटांहून जास्त टिकलं, घाम फुटला, तर हा कागद घेऊन लगेच १०८ ला फोन करा; रिपोर्ट चांगला होता म्हणून घरी थांबू नका.